‘घरगुती खाणावळ’ म्हणजे नेमकं काय? कोकणात फिरायला गेलेल्या कुटुंबाने ती कशी शोधायची?

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या पट्ट्यात फिरताना ‘घरगुती खाणावळ’ अशी पाटी जागोजागी दिसते. पण ‘घरगुती’ या शब्दावर कुणाचाच हक्क नाही. मोठं एसी हॉटेलही तो शब्द पाटीवर लिहितं आणि पडवीत चार टेबलं टाकून जेवण वाढणारं घरही. खरा फरक स्वयंपाकघरात असतो.

खाणावळ म्हणजे मुळात महिन्याचे पैसे भरून जेवायची जागा. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार जवळपासच्या एखाद्या बाईकडे असं जेवायला असायचे. खाणावळ चालवणाऱ्या या बायकांना सावकाराच्या कर्जातून बाहेर काढायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या आणि या खाणावळींचं गिऱ्हाईकही गेलं. महिन्याने जेवणारे गेले आणि पर्यटक आले, तरी धंद्याचं गणित तेच राहिलं: आज किती पानं वाढायची आहेत, हे आधी कळलं पाहिजे.

कोकणातली छोटी खाणावळ आजही याच गणितावर चालते. सकाळी बाजारात किंवा किनाऱ्यावर जे मासे मिळतील, त्यावर त्या दिवशीचं जेवण ठरतं. बांगडा स्वस्त मिळाला तर बांगडा, सुरमई आली तर सुरमई. साठवायला मोठा फ्रीझर नसतो, म्हणून अंदाजानेच आणलं जातं. अशा ठिकाणी मेन्यूकार्ड नसणं हा दोष नाही. उलट छोट्याशा जागेत शंभर पदार्थांचं कार्ड हातात आलं, तर त्यातले बरेचसे फ्रीझरमधून येणार हे धरून चालावं.

त्यामुळे खाणावळीत जेवायचं असेल तर सकाळीच फोन करावा. किती माणसं, किती वाजता, शाकाहारी किती, लहान मुलं किती एवढं सांगितलं की पुरतं. गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते, वड्यांचं पीठ आधी भिजवावं लागतं. कोंबडी-वडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगितलेलं बरं. मुलांना तिखट चालत नसेल तर तेही तेव्हाच बोलावं. वाटण एकदा रश्शात पडलं की तिखट कमी करता येत नाही, पण बाजूला वरण-भात करणं कुणालाच जड नसतं. सोबतचे आजी-आजोबा मासे खात नसतील तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी किंवा केळफुलाची भाजी मिळेल का, हे विचारावं. हे पदार्थ पाटीवर क्वचितच लिहिलेले असतात.

फोन केल्यावर मात्र जायला हवं. वाटेत दुसरीकडे जेवून टाकायचं आणि कळवायचंही नाही, हा प्रकार पर्यटक सर्रास करतात. मोठ्या हॉटेलात दहा माणसं आली नाहीत तर काही बिघडत नाही. खाणावळीत मात्र दहा पानं रद्द झाली की त्या दिवशीची कमाई गेली, शिवाय मासे वाया.

मोसमाचंही भान हवं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात पापलेट-सुरमई ताजी असल्याचं कुणी सांगितलं तर दोन प्रश्न जास्त विचारावेत. खाडीतले मासे किंवा सुकट, सुका बांगडा ही तेव्हाची खरी चव.

आधी माहीत नसलेली खाणावळ वाटेत शोधायची कशी? गर्दी बघून, असं सगळेच सांगतात, पण कुणाची गर्दी हे बघायला हवं. खासगी बस ज्या हॉटेलासमोर थांबते, तो थांबा बऱ्याचदा मालक आणि बसवाले यांच्यात ठरलेला असतो. त्यापेक्षा दुपारी एकच्या सुमारास गावातल्या दुचाकी कुठे लागल्यात ते पाहावं. बँकेतली, तहसील कचेरीतली माणसं रोज एकाच ठिकाणी जेवत असतील तर यापेक्षा वेगळं रेटिंग नको.

दुसरी अडचण रस्त्याची आहे. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला तशी गावं बाजूला पडत गेली. कणकवलीत उड्डाणपुलावरून गेलेल्या गाडीला खालचा बाजार लागत नाही. कशेडीच्या बोगद्यातून गेलेल्याला घाटातली हॉटेलं लागत नाहीत. वेळ वाचतो हे खरं, पण जेवणाची वेळ झाली असेल तर पुलावर न चढता गावातून जाणं हाच उपाय. दुपारी तीननंतर मात्र फार आशा ठेवू नये. भांडी घासायला पडलेली असतात.

पैशांचं आधीच बोलून घ्यावं. थाळीचा दर माशानुसार बदलतो आणि जादा तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. वाद होतो तो बहुतेक या तुकड्यावरूनच. भात-सोलकढी पुन्हा घेतली तर पैसे लागतात का, तेही विचारावं. स्वच्छतेची शंका असेल तर भिंतीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लावलेला आहे का ते बघावं. छोट्या खाणावळीलाही नोंदणी लागतेच. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतली खाणावळ गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही. तशी ओळ बिलावर छापलेली असते.

आणि रोख रक्कम जवळ असू द्यावी. यूपीआय सगळीकडे आहे, पण आतल्या वाडीत रेंज नसेल तर क्यूआर कोडचा उपयोग नाही.