स्वादुपिंडाचा दाह : स्कॅनला नेमकं काय विचारायचं?

स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल दडलेलं असतं. साध्या एक्स-रेत ते दिसतच नाही. १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी त्याच्या तीव्र दाहाचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा खात्रीचं निदान व्हायचं ते पोट उघडल्यावर, नाहीतर शवविच्छेदनात. पुढे एक्स-रे आला, पण त्यात मिळायच्या फक्त आडून खुणा. उदाहरणार्थ, हवेने फुगलेला आतड्याचा एखादा वेढा.

१९२९ च्या सुमारास रक्तातलं अमायलेज मोजून निदान करता येऊ लागलं. तरी एक अडचण राहिलीच. एक पेशंट आठवड्यात घरी जातो, दुसरा आयसीयूत; अमायलेज मात्र दोघांचंही वाढलेलं. आजार किती गंभीर आहे, हे तो आकडा सांगत नाही.

१९७१ मध्ये लंडनला हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पेशंटच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. काही वर्षांत सीटी पोटासाठीही वापरात आला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट एमिल बाल्थझार आणि सहकाऱ्यांनी सूज आणि साठलेला द्रव पाहून ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणी मांडल्या.

खरी गंमत पुढे आहे. वरच्या श्रेणीतल्या अनेकांचा द्रव आपोआप जिरायचा. म्हणजे श्रेणीत काहीतरी राहून गेलं होतं. स्वादुपिंडाचा किती भाग मेला आहे? शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं की रक्तपुरवठा असलेला भाग उजळतो, मेलेला काळपटच राहतो. १९९० मध्ये याच गटाने आपल्याच मोजपट्टीत भर घातली : श्रेणीचे ० ते ४ गुण, आणि मेलेला भाग ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर २, ३० ते ५० टक्के असेल तर ४, त्याहून जास्त असेल तर ६. एकूण १०.

पण पहिल्या एक-दोन दिवसांत पेशी मेल्याचं स्कॅनमध्ये पूर्ण उमटत नाही. घाईने काढलेला स्कॅन खोटा दिलासा देऊ शकतो. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार ठरावीक प्रकारची पोटदुखी, तिपटीहून जास्त लायपेज किंवा अमायलेज, आणि इमेजिंग या तिन्हींपैकी दोन गोष्टी निदानाला पुरतात. पहिल्या दोन जुळल्या तर निदानासाठी सीटी लागत नाही. ‘आजार आहे का?’ यापेक्षा ‘नुकसान किती?’ हा सीटीचा मुख्य प्रश्न झाला.

म्हणून या विषयावरचा पेपर वाचताना आधी एक गोष्ट शोधा : दुखणं सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी स्कॅन काढला? ते लिहिलेलं नसेल, तर पुढच्या तक्त्यांवर लगेच विश्वास ठेवू नका.