खाणतळी व उतारांचे स्थैर्य
खाणतळी व उतारांचे स्थैर्य : उघड्या खाणीत पावसाचे व झिरपणारे पाणी साचून तळे होते आणि त्याभोवतीचे उतार कमकुवत बनतात. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात बेसाल्ट खडकातील दगडखाणी आहेत. खडक भक्कम असला, तरी त्यावरील मुरूम व काळी माती भिजून खचते. पूर्वेकडील वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणींत हा प्रश्न अधिक बिकट आहे.

माती केवळ पाण्याच्या वजनाने घसरते, हा समज अपुरा होय. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कणांची परस्परांवरील पकड सुटते, हे कार्ल टेर्ट्सागी यांनी १९२५ च्या सुमारास दाखविले. म्हणूनच भरलेले तळे घाईने उपसणेही घातक ठरते : बाहेरील पाण्याचा आधार जातो, उतारातील पाणी मात्र आतच राहते. वेल्समधील ॲबरफॅन येथे झऱ्यावर रचलेला टाकाऊ मालाचा ढीग २१ ऑक्टोबर १९६६ रोजी शाळेवर घसरला. १४४ मृतांत ११६ मुले होती.

भारतात कोळसा खाण विनियम, १९५७ नुसार मऊ जमिनीतील उतार ४५° पर्यंत किंवा पायऱ्या १·५ मी. पर्यंतच ठेवावयाच्या होत्या. १९६१ च्या विनियमांनी अशीच तरतूद दगडखाणींनाही लागू झाली. तरीही २४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कवडी खाणीची बाजू ढासळून १० जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या विनियमांनी यांत्रिक उघड्या कोळसा खाणींत उतारांचा शास्त्रीय अभ्यास सक्तीचा केला. लहान दगडखाणींत मात्र माथ्यावरील चर, पायथ्यापासून दूर खोदलेला पाणीखड्डा व पहिल्या पावसानंतर भेगांची पाहणी हेच मुख्य उपाय होत.