११ जानेवारी : वि. स. खांडेकर यांचा जन्म (१८९८)

देव आणि असुर यांच्या वैरात होरपळलेल्या तरुण प्रेमाला मराठी कादंबरीत अढळ स्थान देणारे विष्णु सखाराम खांडेकर यांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत झाला. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. महाभारतातील मूळ कथेत देवगुरू बृहस्पतीचा पुत्र कच संजीवनी विद्येसाठी असुरगुरू शुक्राचार्यांकडे येतो आणि गुरुकन्या देवयानीचा त्याच्यावर जीव जडतो. असुर त्याला तीनदा मारतात. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यातून खुद्द गुरूंच्याच पोटात जाते. गुरूच्या उदरातून पुन्हा जन्मलेला कच देवयानीला बहीण मानतो, तिचे प्रेम नाकारतो, आणि दोघे परस्परांना शाप देतात. खांडेकरांनी राजा ययाति, पुढे त्याची पत्नी झालेली देवयानी आणि असुरराजकन्या शर्मिष्ठा यांना आपापली बाजू स्वतःच्या तोंडून मांडू दिली. कादंबरीचे खरे बळ तेथेच आहे.

देव-दैत्यांच्या या कथा केवळ ग्रंथांत राहिलेल्या नाहीत. नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरात आदिवासींच्या बोहाडा या उत्सवात देव-दैत्यांची सोंगे मुखवटे लावून नाचतात. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या गोदावरीच्या काठी, कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे.

‘ययाति’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. मराठीचा तो पहिला ज्ञानपीठ.