नव्या फाईली आणि जुना प्लेअर

गोव्याच्या पावसाळ्यात व्हिडिओ कॅसेट जपणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कपाटातल्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी यायची आणि ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली की यंत्राचेही हेड खराब व्हायचे. म्हणून व्हीसीडी आली तेव्हा आपल्याकडे तिचे स्वागत झाले ते चित्र सुंदर म्हणून नव्हे (ते कॅसेटहून फारसे सरस नव्हतेच), तर तिला बुरशीची भीती नाही आणि ती स्वस्त म्हणून. बाजारात तियात्रांच्या व्हीसीडी आल्या, मराठी नाटकांच्या आल्या. गावोगावचे फोटोग्राफर लग्न, मुंज आणि जत्रेतले नाटक चकतीवर उतरवून देऊ लागले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर प्लेअर नसलेले घर शोधावे लागावे अशी स्थिती झाली.

त्यातले पुष्कळ प्लेअर अजून चालू आहेत. माझ्या आजोळी मामीकडे टीव्हीखाली असाच एक आहे. जत्रेतले नाटक हल्ली भाचे मंडळी मोबाईलवर चित्रित करतात. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या मामीला तीन तासांचे संगीत नाटक तळहाताएवढ्या पडद्यावर बघवत नाही. चकती घालायची आणि बटण दाबायचे एवढेच तिला हवे. फाईल नुसती चकतीवर लिहून दिली तर प्लेअर ती ओळखतच नाही. का ओळखत नाही, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

मुळात सीडी ही १९८२ साली बाजारात आली ती गाण्यांसाठी. ती सेकंदाला सुमारे १४ लाख बिट वाचते. हा वेग आवाजाच्या हिशेबाने ठरलेला. १९८८ मध्ये एमपेग नावाची तज्ज्ञांची समिती स्थापन झाली. साधारण तेवढ्याच वेगात हलते चित्र कसे कोंबायचे, हे तिचे पहिले मोठे काम. त्यातून एमपेग-१ ही पद्धत निघाली आणि तिच्यावर १९९३ मध्ये व्हीसीडीचे नियम बांधले गेले. चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, सेकंदाला २५ चित्रे, त्यापलीकडे जायचे नाही. त्याच वर्षी चीनमध्ये वानयान नावाचा पहिला घरगुती व्हीसीडी प्लेअर तयार झाला आणि पुढे चिनी कारखान्यांनी आशियाभर स्वस्त प्लेअरचा पूर आणला. वेग गाण्याच्या सीडीचाच, म्हणून एका चकतीत ७४ मिनिटेच मावत. हिंदी चित्रपटाला दोन-तीन चकत्या का लागत, त्याचे उत्तर हे. तीन अंकी मराठी नाटकाला मात्र ही अडचण सोयीची ठरली. अंक संपला की चकती बदला.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात विक्रीला आली. तिची एमपेग-२ पद्धत, ७२० बाय ५७६ ठिपके आणि ४.७ अब्ज बाइटांची जागा. खरी मेख पुढे आहे. या पद्धती प्लेअरच्या चिपमध्येच कोरलेल्या असतात. संगणकाला नवी पद्धत शिकवता येते, या डब्याला नाही. २००३ मध्ये एच.२६४ ठरली, २०१३ मध्ये तिच्या पुढची एचईव्हीसी आली, मोबाईल त्यांतच चित्रण करू लागले. प्लेअर आपल्या जन्मवर्षाशी प्रामाणिक राहिला, त्यात त्याचा काय दोष?

तेव्हा नव्या फाईलीला खाली उतरवावे लागते. २००० साली सुरू झालेल्या एफएफएमपेग या फुकट प्रणालीत अजूनही 'पाल-व्हीसीडी' आणि 'पाल-डीव्हीडी' अशी तयार लक्ष्ये आहेत. तेवढे सांगितले की वरचे सगळे नियम ती स्वतः पाळते. मात्र डीव्हीडीसाठी तयार फाईल डीव्हीडीस्टायलरसारख्या प्रणालीतून चकतीच्या रीतसर मांडणीत बसवावी लागते, हे अनेकजण विसरतात. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो, तीही नेमक्या अंतराने नव्हे. त्यामुळे २५ वर आणताना ओठ आणि आवाज जुळतात का ते शेवटच्या अंकापर्यंत पाहून घ्यावे. नाट्यगीतात तान आधी आणि तोंड मागून उघडले तर सगळी मजा जाते. चकती शक्यतो एकदाच लिहिता येणारी घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कमी प्रकाश परावर्तित करते आणि थकलेल्या लेसरला ती वाचवत नाही.

या उतरण्यात काय हरवते? मोबाईलच्या १९२० बाय १०८० चित्रातल्या पाच ठिपक्यांमागे डीव्हीडीत एक उरतो, व्हीसीडीत वीसमागे एक. मागच्या रांगेतल्या पात्राचा चेहरा गेलाच म्हणा. गेलेले ठिपके पुन्हा मोठे करून परत येत नाहीत. एक भाचा चकती झाल्यावर मोबाईलमधली मूळ फाईल पुसायला निघाला होता, 'जागा होते' म्हणून. आमच्या कचेरीत मोडी कागदाची बाळबोध नक्कल झाली म्हणून मूळ कागद कोणी रद्दीत टाकत नाही. तोच न्याय इथेही लावावा.

उलट दिशेनेही हे काम करायला हवे, आणि ते जास्त तातडीचे आहे. वीस वर्षांपूर्वी गावच्या फोटोग्राफरने दिलेल्या व्हीसीडीची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. त्यात दिसणारे कित्येक नट आता हयात नाहीत, आणि घरी लिहिलेल्या चकतीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने, काळाने उडत जातो. संगणकात चकती उघडली की 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात 'डॅट' शेपटीची फाईल. ती आहे तशीच उचलून दोन ठिकाणी ठेवावी. नवे रूप द्यायचे ते तिच्या नकलेला. नव्या लॅपटॉपला चकतीचा खणच नसतो, तेव्हा यूएसबीवर चालणारा एखादा बाहेरचा खण वाड्यात सगळ्यांनी मिळून घेतला तरी पुरे.