लिनक्सवर ‘मेक -जे८’ दिलं की बिल्ड फेल होतंय? आधी हे तपासा

सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बनवताना ‘मेक -जे८’ दिलं की आठ कामं एकाच वेळी चालतात आणि वेळ बराच वाचतो. पण बिल्ड मध्येच फेल झालं तर नेमकी चूक शोधायची कुठे? (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांतच टाईप करा.)

१. शेवटच्या ओळीवर जाऊ नका

एक काम फेल झालं तरी आधीच सुरू असलेली बाकीची कामं मेक पूर्ण होऊ देतं. त्यामुळे खरा एरर बराच वर राहतो. ‘वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्स’ ही ओळ शोधा आणि तिच्या वर बघा. सापडलं नाही तर ‘मेक -जे१’ चालवा. तिथेच पुन्हा अडकलं तर कोडमध्ये चूक आहे किंवा एखादी लायब्ररी इन्स्टॉल नाही. बिल्ड पूर्ण झालं तर पुढचे दोन मुद्दे वाचा.

२. ‘किल्ड’ दिसलं तर मेमरी बघा

मेक प्रत्येक कामासाठी वेगळी प्रोसेस सुरू करतं आणि प्रत्येक प्रोसेसला स्वतःची रॅम लागते. मोठ्या सी++ फाइलला एकटीलाच एक जीबीहून जास्त लागू शकते. रॅम संपली की कर्नल थेट कंपायलरलाच मारतो. ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की खात्री झाली. मग ‘-जे४’ किंवा ‘-जे२’ वापरा, नाहीतर स्वॅप वाढवा. आकडा न देता नुसतं ‘-जे’ कधीच देऊ नका, त्याला कामांची मर्यादाच नसते.

३. दुसऱ्यांदा चालवलं की होतं?

इथे मी स्वतः फसलोय. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक हेडर फाइल स्क्रिप्टने तयार व्हायची. ती वापरणारी सी फाइल तिच्यावर अवलंबून आहे, हे मेकफाइलमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. एकेक काम चालवलं की क्रम योगायोगाने बरोबर लागायचा. आठ कामं एकदम सुटली की कधी कधी हेडर तयार होण्याआधीच सी फाइल कंपाइल व्हायला जायची आणि ‘नो सच फाइल’ यायचं. पुन्हा मेक दिलं की चालायचं, कारण तोवर हेडर तयार झालेली असायची. मी दोन आठवडे असंच ढकललं.

मग टीममध्ये एक नवीन मुलगा आला. आपल्याच मशीनमध्ये गडबड आहे समजून त्याने पूर्ण दिवस कंपायलर काढून पुन्हा टाकण्यात घालवला. दुरुस्ती होती मेकफाइलमधली एक ओळ.

ती ओळ टाकल्यावर ‘मेक क्लीन’ करून चार-पाच वेळा बिल्ड करा. क्लीनमध्ये ती हेडरही डिलीट होते ना, हे बघा. नाहीतर चूक लपूनच राहील. ग्नू मेक ४.४ किंवा पुढचं असेल तर ‘--शफल’ द्या. त्याने कामांचा क्रम मुद्दाम बदलतो आणि अशा चुका लवकर पकडल्या जातात.

पुन्हा चालवून बिल्ड झालं, म्हणजे ते दुरुस्त झालं असं नाही.