बॉसबराट : रानातल्या बैठकीचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजीने आफ्रिकान्स भाषेकडून जे शब्द उचलले, त्यांत 'बॉसबराट' हा एक आहे. 'बॉस' म्हणजे रान. (साहेब ह्या अर्थाच्या बॉसशी त्याचा काही संबंध नाही, पण असता तर शोभला असता, असे आम्हांला हा इतिहास वाचताना अनेकदा वाटले.) 'बराट' म्हणजे विचारविनिमय, मसलत. शहर आणि कचेरी सोडून, चार दिवस रानात मुक्काम करून केलेली मसलत म्हणजे बॉसबराट. बखरींच्या वाचकाला येथे 'खलबत' हा शब्द आठवेल. फरक एवढाच, की आपल्या खलबताला भिंती लागतात, आणि ह्या खलबताला भिंती नसलेली जागा लागते.

आज हा शब्द मुख्यतः कंपन्यांच्या तोंडी आहे. जोहान्सबर्गमधील एखाद्या बँकेचा किंवा विमा कंपनीचा विभाग शुक्रवारी निघतो, पिलान्सबर्ग किंवा सॅबी सँडसारख्या अभयारण्यातील लॉजवर दोन रात्री राहतो, पहाटे उघड्या गाडीतून सिंह पाहतो, दुपारी पुढील वर्षाची उद्दिष्टे ठरवतो, रात्री शेकोटीभोवती ढोल बडवतो आणि रविवारी 'टीम' होऊन परततो, अशी निदान कल्पना असते. ह्या प्रकाराची चेष्टा करणे सोपे आहे. पण जी प्रथा आज हास्यास्पद वाटते, तिच्या मुळाशी एका देशाचे भवितव्य ठरवणाऱ्या बैठका आहेत.

डिसेंबर 1989. बर्लिनची भिंत पडून महिनाही झालेला नव्हता. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले डी क्लर्क ह्यांनी आपल्या मंत्रिमंडळाला उत्तरेकडील डी'न्याला ह्या अभयारण्यात नेले. न्याला हे तिकडच्या एका कुरंगाचे नाव. प्रिटोरियातील सभागृहात मंत्री खात्याची फाईल घेऊन येतो आणि खात्याच्या वतीने बोलतो. रानात त्याच्याजवळ फाईलही नसते आणि खातेही नसते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठवावी काय, मंडेलांना सोडावे काय, हे प्रश्न तेथे उघडपणे मांडले गेले. 2 फेब्रुवारी 1990 रोजी डी क्लर्क ह्यांनी संसदेत बंदी उठवल्याचे जाहीर केले तेव्हा जग चकित झाले. पण मंत्रिमंडळ चकित झाले नाही, कारण त्याचे चकित होणे डी'न्यालात उरकून झाले होते. 11 फेब्रुवारीला मंडेला तुरुंगाबाहेर आले.

ही एकाच पक्षाची बैठक होती. दोन शत्रुपक्षांची रानातली बैठक व्हायला आणखी तीन वर्षे लागली, आणि तिच्याआधी एका गळाची गोष्ट घडली. ऑगस्ट 1991 मध्ये सरकारातील तरुण मंत्री रुल्फ मेयर आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे नवे सरचिटणीस सिरिल रामाफोसा हे दोघे लायडनबर्गजवळ, ट्राउट मासे पाळणाऱ्या एका मळ्यावर एकत्र आले. मेयरना मासे धरता येत नव्हते. शिकण्याच्या खटपटीत गळ त्यांच्याच बोटात रुतला. काही केल्या तो निघेना, तेव्हा रामाफोसांनी त्यांना व्हिस्कीचा पेला दिला आणि पकडीने गळ उपसून काढला. काढताना, आमच्या माणसावर विश्वास टाकायची वेळ आता आली आहे, अशा आशयाचे काही ते बोलले. ही हकीकत नंतर दोघांनीही असंख्य वेळा सांगितली आहे, आणि सांगता सांगता तिला दंतकथेची झिलई चढली आहे. प्रशिक्षकांच्या भाषणांत ती आता विश्वासाचा दृष्टांत म्हणून येते. आम्हांला मात्र ती दृष्टांत म्हणून फारशी पटत नाही. गळ निघाल्यानंतरही जून 1992 मध्ये बॉयपटाँगचे हत्याकांड झाले, वाटाघाटी मोडल्या, सप्टेंबरात बिशो येथे मोर्चावर गोळीबार झाला. मैत्रीने ह्यातले काहीही टळले नाही. ती कामी आली ती वाटाघाटी मोडल्यानंतर. इतर सारे दरवाजे बंद असताना ह्या दोघांमधील बोलणे चालू राहिले, आणि 26 सप्टेंबर 1992 चा समझोता त्यातून निघाला. डिसेंबरात त्याच डी'न्यालात सरकार आणि काँग्रेस समोरासमोर बसले. पाच वर्षे एकत्र सरकार चालवण्याची कल्पना तेथे आणि पुढच्या काही आठवड्यांत आकाराला आली.

रानाने हे कसे साधले? झाडे आणि चांदणे माणसाला उदार करतात, हे उत्तर कवींना शोभेल. आमच्या मते कारण साधे होते. दोन्ही बाजूंना दुसऱ्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि दोन्ही बाजूंकडे गमावण्याजोगे बरेच होते. रानाने फक्त वर्तमानपत्रे आणि अनुयायी दूर ठेवले. आणि दूर ठेवलेल्यांत केवळ वार्ताहर नव्हते. दोन पक्षांनी आपसांत ठरवून टाकायचे आणि इतरांनी मागाहून मान डोलवायची, ह्या रीतीवर बुथेलेझी आणि त्यांचा इन्काथा पक्ष संतापला होता. डाव्या टीकाकारांनाही हा वरच्यावर झालेला सौदा वाटला. शेकोटीभोवतीच्या वर्तुळात बसलेल्यांची तोंडे एकमेकांकडे असतात हे खरे. पण त्यामुळेच बाहेर असलेल्यांकडे त्यांची पाठ असते.

कंपन्या ह्या कथेत उशिरा आल्या असे मात्र नाही. 1991-92 मध्ये स्टेलनबॉशजवळ माँ फ्लर येथे निरनिराळ्या गटांतील 22 माणसांनी देशाची चार संभाव्य भविष्ये रेखाटली, तेव्हा त्यांना वळण देणारे अ‍ॅडम केहेन हे शेल ह्या तेलकंपनीच्या भविष्यवेधी विभागातून आले होते. त्या चार चित्रांची नावे होती शहामृग, लंगडे बदक, इकॅरस आणि फ्लेमिंगोंचे उड्डाण. वाळूत डोके खुपसणारा शहामृग सर्वांत वाईट. हळूहळू पण सर्वांनी मिळून उडणारे फ्लेमिंगो सर्वांत चांगले. पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला ह्यात नवे काही वाटू नये. कंपनीची रीत राजकारणात गेली, तेथे प्रतिष्ठा पावली आणि ती प्रतिष्ठा घेऊन कंपनीकडे परतली.

1994 नंतर तिची गरजही खरी होती. 1950 च्या वसाहत-विभागणी कायद्याने ज्यांची घरे वेगळी केली होती, ती माणसे आता एका मजल्यावर शेजारी बसू लागली. 1998 च्या रोजगार-समता कायद्याने त्याला गती दिली. त्यांनी एका ताटातून जेवलेले नव्हते, एका बसमधून प्रवास केलेला नव्हता. अशा लोकांना एका शेकोटीभोवती बसवणे हे आपल्याकडच्या कर्जत-लोणावळ्याच्या सहलीसारखे नव्हे. त्यात एक वेगळाच ताण असतो, कारण ज्या रानात ते बसतात, त्या रानालाही रंगभेद ठाऊक आहे.

26 मार्च 1898 रोजी पॉल क्रूगर ह्यांच्या सरकारने सॅबी आणि क्रोकोडाइल ह्या नद्यांमधला प्रदेश शिकारीसाठी बंद केला. बोअर युद्धानंतर, 1902 मध्ये, इंग्रजांनी त्यावर जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश लष्करी अधिकारी नेमला. जनावरे वाढायची तर माणसे हटली पाहिजेत, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षभरात दोन ते तीन हजार लोक हलवले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. स्थानिकांनी त्याला 'स्कुकुझा' म्हटले. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ. उलथापालथ करणारा, असाही सांगतात. त्याला हे नाव गौरवाचे वाटले काय, की त्याने त्यातला डंख ओळखला, हे ठरवणे कठीण आहे. थोड्याच वर्षांत त्याच्या ध्यानात आले की रस्ते करायला, पहारा द्यायला माणसे लागतात. मग उरलेल्यांना खंडाने किंवा श्रमाच्या बदल्यात राहू दिले. 1926 मध्ये ह्याच भूमीतून क्रूगर राष्ट्रीय उद्यान झाले, आणि स्कुकुझा हे आज त्याच्या सर्वांत मोठ्या तळाचे नाव आहे.

त्या तळावरील संग्रहालयात एक सिंहाचे कातडे आणि एक सुरी ठेवली आहे. 1903 च्या ऑगस्टमध्ये हॅरी वोल्हुटर हा रक्षक संध्याकाळी घोड्यावरून पुढे निघाला असता सिंहाने त्याला खाली ओढले, खांदा तोंडात धरून फरफटत नेले. वोल्हुटरने डाव्या हाताने कमरेची सुरी काढून सिंहाला भोसकले आणि मग झाडावर चढून स्वतःला बांधून घेतले. शौर्य निर्विवाद आहे. परंतु गोष्ट येथे थांबवली जाते, आणि ती येथे संपत नाही. मागून चालत येणारे त्याचे आफ्रिकी सोबती अंधारात त्याच्यापर्यंत पोहोचले, त्याला झाडावरून उतरवले, आणि सडत चाललेला तो खांदा घेऊन जाणारे शरीर रानातून अनेक दिवस वाहून कोमातिपुर्टला पोहोचवले. 'टीम' ह्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो येथे आहे. संग्रहालयातली वस्तू मात्र सुरी आहे. झोळी जपावी असे कोणास वाटले नाही.

रानाचे रितेपण हे असे घडवलेले आहे. कंपन्यांच्या आवडीचे पिलान्सबर्ग तर 1979 मधले. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांत राहणारी माणसे आणि त्यांची गुरे हलवली आणि सुमारे 6,000 प्राणी बाहेरून आणून सोडले. मोहिमेला नाव दिले होते 'ऑपरेशन जेनेसिस', म्हणजे बायबलातली सृष्ट्युत्पत्ती. क्रूगर उद्यानातही रंगभेदाच्या काळात गोऱ्या पर्यटकांचे तळ वेगळे होते. इतरांसाठी बालुले येथे लहान, खिडक्या नसलेल्या झोपड्या होत्या. आज लॉजच्या गच्चीवरून अर्थसंकल्प मांडणाऱ्या एखाद्या काळ्या अधिकाऱ्याच्या वडिलांना ह्या रानात प्रवेश मिळत असे तो बहुधा गवत कापण्यासाठी किंवा भांडी घासण्यासाठी.

ह्या शनिवार-रविवारांची भाषाही तपासण्याजोगी आहे. 'सफारी' हा शब्द स्वाहिलीतला, त्याच्यामागे अरबीतला 'सफर', जो फारसीतून मराठीतही आला. भोजनाच्या कुंपणबंद अंगणाला 'बोमा' म्हणतात, तो शब्दही पूर्व आफ्रिकेकडचा. जेम्बे हा ढोल माली-गिनीकडचा, हजारो किलोमीटरांवरून आलेला. 'बिग फाइव्ह' ही शिकाऱ्यांची यादी, पायी मारायला अवघड असे पाच प्राणी. आसपासच्या त्सोंगा लोकांचे त्यात जवळपास काहीच नाही. सोथो-त्स्वानांकडून मात्र 'लेखोत्ला' घेतला गेला. गावच्या चावडीवरची सभा, जेथे इतर सर्व बोलून झाल्यावर नायक शेवटी बोलतो. (पूर्वी तेथे स्त्रियांना स्थान नव्हते, हे प्रशिक्षक सांगत नाहीत.) सरकारने मंत्रिमंडळाच्या नियोजन-बैठकांना हे नाव दिले, मग कंपन्यांनी घेतले. कंपनीच्या लेखोत्लात व्यवस्थापकीय संचालक सहसा आधी बोलतात.

प्राण्यांकडून शिकावयाचे धडेही तपासून घ्यावेत. रानकुत्र्यांच्या सहकार्याची स्तुती हमखास होते. बोट्स्वानातील रानकुत्र्यांवरचे 2017 मधील संशोधन सांगते की शिकारीला निघावे की नाही, हे कळप शिंकांनी ठरवतो. मात्र प्रस्ताव कळपातील प्रमुख जोडीचा असेल तर सुमारे तीन शिंका पुरतात. खालच्या कुणाचा असेल तर दहाएक लागतात. आमच्यापैकी ज्यांनी महाविद्यालयीन समित्यांवर काम केले आहे, त्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

सॅबी सँडमधल्या गाडीत एक जागा बॉनेटच्या पुढे, डाव्या टोकाला, उघड्यावर असते. तेथे मागकाढ्या बसतो. मागे गाडी चालवणारा रेंजर बोलतो, पाहुणे ऐकतात. मागकाढ्या बहुधा बोलत नाही, हात वर करतो आणि गाडी थांबते. वाकलेले गवत, ओलसर कडेचा ठसा, एकाएकी गप्प झालेले पक्षी, ह्यांवरून बिबट्या कोठे गेला हे तो सांगतो. लुई लीबेनबर्ग ह्यांनी 1990 मधील ग्रंथात असे मांडले की वैज्ञानिक विचाराचा उगम माग काढण्याच्या कलेत असावा, कारण तुटक चिन्हांवरून अनुमान बांधणे आणि चुकल्यास ते सोडणे हेच तिचे स्वरूप आहे. पूर्वी रेंजर गोरा आणि मागकाढ्या काळा ही वाटणी जवळजवळ ठरलेली होती. आता ती बदलत आहे; काळे रेंजर आहेत, स्त्रियाही आहेत. पुढच्या आसनावर मात्र सहसा जवळच्या गावातलाच माणूस दिसतो, आणि संध्याकाळच्या वर्तुळात त्याची खुर्ची नसते.

जमिनीच्या बाबतीत काही हलले आहे. क्रूगरच्या उत्तर टोकाला पाफुरी येथून 1969 मध्ये माकुलेके लोकांना हुसकावले; स्वतःच्या झोपड्या त्यांना स्वतःच्या हातांनी पेटवाव्या लागल्या. 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. तेथे पुन्हा घरे बांधायची नाहीत, रान रानच ठेवायचे आणि लॉज भाडेपट्ट्याने द्यायचे, असे त्यांनी ठरवले. सॅबी सँडमधील मालामाला हे प्रसिद्ध खाजगी अभयारण्य 2013 मध्ये सरकारने 1 अब्ज रँडच्या आसपास किंमत देऊन न्वांदलामहारी ह्या दावेदार समूहासाठी विकत घेतले. व्यवसाय सांभाळायला पूर्वीच्या मालकांना भागीदार म्हणून ठेवले. लॉज तेच, पहाटेच्या फेऱ्या त्याच. तेथे उद्दिष्टे ठरवायला येणारी माणसे आता, माहीत असो वा नसो, त्या गाववाल्यांची पाहुणी आहेत.