अंगठ्याचे मोल

द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागून घेतला, तेव्हा त्या अंगठ्याचे मोल किती धरावे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो पडला पुष्कळ पुढे, इंग्रजी अमदानीत. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्या कायद्याच्या शेवटी एक कोष्टक जोडलेले होते. वाण्याच्या दुकानात भावाची पाटी लावावी, तसे त्यात माणसाच्या अवयवांचे भाव लावून ठेवले होते. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला, तर कमाईची शक्ती शेकडा ७० गेली असे समजावे. डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. अंगठ्याजवळचे बोट १०, आणि बाकीचे कोणतेही बोट ५. डावखुऱ्याने काय करावे, हे मात्र कायदा करणाऱ्यांना सुचले नसावे! पुढे कोष्टक बदलले, डाव्या-उजव्याचा भेद गेला आणि अंगठ्याचा भाव ३० वर चढला.

या कोष्टकाला नावे ठेवणे सोपे आहे, पण मी ती ठेवणार नाही. त्याआधी गिरणीच्या साच्यात बोट गेले, की कामगाराच्या हाती बहुधा त्याचे नशीबच तेवढे उरत असे. कायद्याने निदान काही पैसे तरी हाती पडू लागले. परंतु पैसे मोजून दिले, पावतीवर उरलेल्या बोटाचा ठसा घेतला, म्हणजे कायद्याचे काम संपे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने उठून काय करायचे? तुटलेला धागा चार बोटांनी सांधता येईल का? येणार असेल तर ते त्याला शिकवणार कोण? आणि शिकवायला जो पुढे येईल, त्याला ते खरोखर येते हे कशावरून ओळखायचे? या शेवटच्या प्रश्नाचा इतिहास मला आज वाचकांना सांगायचा आहे. विषय दिवाळीच्या फराळात बसणारा नाही खरा, पण त्यातली माणसे एखाद्या कादंबरीत शोभावीत अशी आहेत.

पहिला माणूस अमेरिकेतला. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा पेशाने वास्तुशास्त्रज्ञ. घरे बांधणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे शरीर मात्र पार मोडकळीला आलेले. क्षयाने त्याला आधीच गाठले होते. त्यात कोलोरॅडोकडच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा डावा पाय गारठून सडला आणि बोटे कापावी लागली. पाठोपाठ शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाच्या गावी तो उपचारासाठी आला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनाने घेतले की, आपल्याला काम नाही म्हणूनच आपण बरे होत नाही. १९१४ साली त्याने तेथेच एक जुने घर घेतले, त्याचे ‘कॉन्सोलेशन हाऊस’ असे नामकरण केले, आणि सुतारकाम व बागकाम करून स्वतःवरच प्रयोग चालवला. लुळा हात हळूहळू हालू लागला.

त्याच घरात १५ मार्च १९१७ रोजी सहा माणसे जमली. डॉक्टर त्यांत एकच, विल्यम रश डंटन, आणि तोही मनोरुग्णांचा. एलिनर क्लार्क स्लॅगल ही समाजसेवेतून आलेली बाई; सुझन कॉक्स जॉन्सन हस्तकलेची शिक्षिका. टॉमस किडनर हाही वास्तुशास्त्रज्ञच, पण कॅनडात युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देण्याचे काम पाहणारा. सहावी बार्टनची चिटणीस इझाबेल न्यूटन, जी पुढे त्याची पत्नी झाली. या सहाजणांनी जी संस्था स्थापन केली, तिच्यातून ज्याला आज आपण व्यवसायोपचार म्हणतो तो पेशा उभा राहिला.

व्यवसायोपचार या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. वेताच्या टोपल्या विणायला लावून रोग्याचा वेळ घालवणे, अशी एक समजूत आहे. तसे नव्हे. हातमागावर बसलेला माणूस पावडी दाबतो तेव्हा त्याचा घोटा कसा वाकतो, रंधा मारताना खांद्यावर जोर किती येतो, दळताना मनगट कोणत्या बाजूला वळते, हे बारकाईने पाहायचे; मग ज्या सांध्याची शक्ती गेली आहे, नेमके त्याच सांध्याला खपवणारे काम निवडायचे; आणि ते आज पाच मिनिटे, उद्या सात, असे वाढवत न्यायचे. मूठ मिटत नसेल तर हत्याराची मूठच जाड करून द्यायची. गेलेले बोट परत येणार नसते. तेव्हा त्याचे काम शेजारच्या बोटाला शिकवायचे. महाभारतात व्यासांनीही एवढे नोंदवून ठेवले आहे की, अंगठा दिल्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण ओढू लागला. फक्त पूर्वीची चपळाई राहिली नाही. त्या रानात त्याला शिकवणारा कोणी भेटला असता तर?

क्लिफ्टन स्प्रिंग्जची बैठक मार्चात झाली आणि एप्रिलात अमेरिका महायुद्धात उतरली. लवकरच जखमी सैनिकांसाठी शेकडो मदतनीस हव्या झाल्या. ठिकठिकाणी घाईघाईने वर्ग निघाले. या वर्गाची मुदत वेगळी, त्याची वेगळी. शिकून बाहेर पडलेल्या तरुणींनी फार मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु युद्ध संपले, १९२० साली कारखान्यांत व इतरत्र जायबंदी झालेल्या साध्या नागरिकांनाही पुन्हा कामाला लावण्याचा कायदा अमेरिकेने केला, आणि आता निवड करण्याची पाळी आली. सुईदोरा धरता येणारी प्रत्येक बाई, रंधा मारता येणारा प्रत्येक सुतार, हा उपचारक म्हणायचा काय?

आपल्याकडच्या हाडवैद्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. काही हाडवैद्यांच्या हाताला खरोखरच गुण असतो. काहींच्या हाताने सरळ हाड वाकडे होते. दुखणाईताला हा भेद आधी कळत नाही. तो कळतो प्लॅस्टर सोडल्यावर, म्हणजे उशीर झाल्यावर. म्हणून कोणी तरी तिऱ्हाइताने आधीच पारखून सांगावे लागते.

ती पारख अमेरिकेत टप्प्याटप्प्याने बसली. १९२३ साली त्या संस्थेने शिक्षणक्रमाची किमान पातळी ठरवली: विद्यार्थिनीचे आधीचे शिक्षण किती असावे, वर्गात किती शिकवावे, रुग्णालयात प्रत्यक्ष किती राबवावे. १९३१ साली पात्र माणसांची नोंदवही सुरू झाली. १९३५ साली तेथील वैद्यकीय महासंघाने व्यवसायोपचाराच्या शाळा तपासून मान्यता देण्याचे नियम केले. पुढे एकातून दुसरे निघत गेले. जायबंदी माणसाला धंदा निवडण्यात सल्ला देणाऱ्यांना परीक्षा घेऊन प्रमाणित करणारा वेगळा आयोगही १९७४ साली तेथे निघाला. गंमत अशी की, ज्या बार्टनच्या घरात हे बीज पडले, तो पहिला अध्यक्ष झाला खरा, पण थोड्याच महिन्यांत बाजूला झाला आणि १९२३ सालीच वारला. नोंदवही निघाली तेव्हा तो असता, तर तिच्यात त्याचे नाव कोणत्या आधारावर घातले असते? शिकला होता तो इमारती बांधायला!

माझी स्वतःची मजल मॅट्रिकपाशी थांबली असल्यामुळे प्रमाणपत्र या वस्तूकडे मी जरा तिरक्या नजरेनेच पाहत आलो. पण काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांची उजव्या हाताची दोन बोटे दाबयंत्राखाली गेली. भरपाई मिळाली, ती कर्जात गेली. कारखान्याने त्यांना फाटकावर बसवले. “मास्तर, पगार घेताना लाज वाटते हो,” असे ते मला म्हणाले. मी त्यांच्याबरोबर व्यवसायोपचाराच्या विभागात गेलो, तेव्हा तेथील बाईंनी बोटांकडे पाहण्याआधी विचारले, “दादा, सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घेता?” त्यांनी सांगितले, “पाना.” “मग उद्या येताना तो पाना घेऊन या.” एवढे बोलणे ऐकले आणि ह्या बाई शिकलेल्या आहेत, हे मला कळले. चार महिन्यांनी ते गृहस्थ यंत्रावर नाही, पण दुरुस्तीच्या बाकावर बसले.

त्या बाईंची विद्या आपल्याकडे आली कशी, ही हकीकत तर आपल्या घरचीच म्हणावी लागेल. अमेरिकेतील एका क्वेकर घराण्यात १९०० साली जन्मलेली एलिझाबेथ लुंडी नावाची मुलगी विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी विवाह करण्यासाठी १९३० साली हिंदुस्थानात आली आणि कमला निंबकर झाली. (इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई.) आधी त्यांनी शाळा चालवली. मग, पोक्त वयात, त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या. चाळिशी उलटल्यावर बाकावर बसून परीक्षा देणे ही काय चीज आहे, हे वयस्कर वाचकांना सांगायला नको.

१९५० साली मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिली. जागाही नेमकी साधली होती. चहूकडे गिरण्या, आणि साचा, पट्टा व धोट्याने घायाळ झालेले हात दारातूनच आत येणार. परंतु कमलाबाईंची खरी दृष्टी मला दिसते ती पुढच्या पावलात. शाळा काढून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९५२ साली व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षेही धड झाली नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांची विद्या जगाच्या मापाने मोजली जावी, असा हा आग्रह होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कमलाबाई १९७९ साली वारल्या. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी काढलेल्या शाळेला त्यांचे नाव आहे.

सरकारची मान्यता मात्र मुंगीच्या पावलांनी आली. १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. १९९२ साली भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. नोंदणीवाचून या क्षेत्रात काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्यात आहे. कायद्यात सोळा प्रकारचे तज्ज्ञ मोजले आहेत. अपंगांना नोकरी शोधून देणारे अधिकारी त्यात आहेत, कृत्रिम पाय करणारे आहेत, कर्णयंत्राचे साचे घडवणारेही आहेत. व्यवसायोपचारकाचे नाव तेवढे नाही! महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची स्वतंत्र परिषद करण्याचे ठरवले. आणि सबंध देशासाठी संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा संसदेने केला तो २०२१ साली. त्याच्या परिशिष्टात व्यवसायोपचार आहे. परळच्या त्या पहिल्या वर्गाला तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती.